हाताला लागलेली गोष्ट

बालवाडीच्या भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक लावलेलं असतं. प्रार्थना, गप्पा, बडबडगीतं, गोष्ट, मुक्त खेळ, खाऊ. त्यात गोष्टीची वेळ वेगळी आणि खेळाची वेगळी. गोष्टीच्या वेळी मुलांनी मांडी घालून, हाताची घडी घालून ऐकायचं. खेळाच्या वेळी ताईंनी बाजूला बसायचं, फार तर भांडणं सोडवायची. मोठा वर्ग एकटीनं सांभाळताना अशी वाटणी सोयीची पडते, हे खरं. पण तीन ते सहा वर्षांचं मूल या वाटणीनं चालत नाही. गोष्ट ऐकताना त्याचे हात सतरंजीचे धागे ओढत असतात, आणि खेळताना तोंडानं गोष्ट चालू असते. भातुकली मांडून बसलेल्या दोन मुलींचं बोलणं दुरून ऐकावं. बाळाला ताप आलाय, दूध उतू गेलंय, पाहुणे दारात आलेत आणि भात अजून शिजायचाय. हे सगळं कथानक हातातल्या बोळक्यांबरोबर पुढे सरकत असतं. बोळकी काढून घेतली तर गोष्ट थांबते. बोलायला मनाई केली तर बोळक्यांशी खेळण्यात काही उरत नाही.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की गोष्ट आणि हाताचा खेळ मुलांच्या खेळात जसे एकत्र असतात, तसेच ते बालवाडीतही एकत्र राहावेत. गोष्टीमुळे हाताला काम करायला कारण मिळतं. आणि हातामुळे मुलाला गोष्ट तपासून पाहण्याचा, पटली नाही तर बदलण्याचा हक्क मिळतो. यातलं पहिलं अनेक ठिकाणी होतं. दुसरं फार थोड्या ठिकाणी होतं, आणि माझ्या मते खरं शिक्षण त्या दुसऱ्यात आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी भावनगरला त्यावर प्रत्यक्ष काम झालं होतं. गिजुभाई बधेका हे पेशानं वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती मारिया माँटेसरींचा विचार आला. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत रुजू झाले आणि 1920 मध्ये त्यांनी तिथं बालमंदिर सुरू केलं. माँटेसरीबाईंनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं होतं. तिथली साधनं हाताच्या शिक्षणाची होती: चढत्या मापाचे ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरं, गुंड्या लावायच्या चौकटी. मूल हातानं शिकतं हे त्यांनी जगाला दाखवून दिलं आणि ते ऋण मोठं आहे. पण परीकथांबद्दल त्यांचं मत प्रतिकूल होतं. लहान मुलाला आधी खरं जग नीट पाहू द्यावं, कल्पित गोष्टींनी त्याचा गोंधळ वाढवू नये, अशी त्यांची भूमिका होती. काटेकोर माँटेसरी वर्गात मनोऱ्याच्या ठोकळ्यांची आगगाडी केलेली चालत नाही. मनोऱ्याचे ठोकळे मनोऱ्यासाठीच.

गिजुभाईंनी साधनं घेतली, पण गोष्टी सोडल्या नाहीत. उलट गुजरातीत मुलांसाठी ढीगभर लोककथा गोळा केल्या, आणि गोष्ट कशी सांगावी यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्या दिवशी वर्गात माँटेसरी पद्धतीचा शांततेचा खेळ घेतो. तो पार फसतो. पोरं हसतात, गोंगाट करतात. मग तो गोष्ट सांगायला लागतो आणि तोच वर्ग त्याच्याभोवती गोळा होतो. पुस्तक कल्पित आहे, पण त्यातला अनुभव कुणा बालशिक्षकाला खोटा वाटणार नाही. हात आणि गोष्ट यांच्यातला हा तिढा गिजुभाईंनी कोणत्याही एका बाजूला न झुकता चालवला, याचं मला फार मोल वाटतं.

1923 मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गेल्या. 1926 मध्ये गिजुभाईंबरोबर नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार, आणि 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणूजवळ बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथं त्यांच्याबरोबर आल्या आणि हे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शहरातल्या बालमंदिरातली लाकडी साधनं महाग होती. वारली पाड्यावर ती नेऊन ठेवणं परवडणारं नव्हतं आणि शोभणारंही नव्हतं. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, माती, बांबूचे तुकडे ही साधनं झाली. मुलं केंद्रापर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर केंद्रच मुलांच्या अंगणात गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात भरली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाड्यांमागची कल्पना इथली. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना त्यानंतर, 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली.

कोसबाडबद्दल लिहिताना बहुतेक लोक स्वस्त साधनांचं कौतुक करतात. मला त्याहून वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. दुकानातून आणलेल्या ठोकळ्याला मुलाच्या घरची काही आठवण नसते. शिंपला कुणी आणला, ती बी कोणत्या झाडाखाली पडली होती, ही माती ओढ्याच्या कुठल्या काठची, हे मुलाला माहीत असतं. म्हणजे साधन हातात येतानाच थोडी गोष्ट घेऊन येतं. ताईनं तिथून पुढे न्यायचं असतं.

एका पाड्यावरच्या अंगणवाडीत ‘म्हातारी आणि भोपळा’ या गोष्टीचं काय झालं ते सविस्तर सांगतो. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. म्हातारी जंगलातून लेकीकडे जाते, वाटेत वाघ-कोल्हे भेटतात, लेकीकडे खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होते आणि परतताना भोपळ्यात बसून घरंगळत येते. ताईंनी गोष्ट सांगून झाल्यावर दूध पावडरचा एक रिकामा डबा पुढे ठेवला आणि विचारलं, “हा भोपळा. म्हातारी कुठाय?” मुलांनी ओल्या मातीचा गोळा करून म्हातारी बनवली आणि डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवली. झाकण लावलं. एक फळी विटेवर तिरपी टेकवली आणि डबा सोडला.

डबा सरळ घरंगळला नाही. थोडा गेला, रेंगाळला, मग एकदम झपकन पुढे गेला, पुन्हा रेंगाळला आणि फळीच्या मध्यावर डुलत डुलत थांबला. आतला गोळा वर चढताना डबा मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो, हे कारण तुम्हा-आम्हाला कळतं. मुलांना दिसलं ते असं की म्हातारी थांबली. का थांबली? एक मुलगी म्हणाली, “लेकीकडं लई जेवली ना, जड झाली.” दुसऱ्याला वाटलं, वाघ आला असेल. ताई काही बोलल्या नाहीत. मग एका मुलानं झाकण उघडून म्हातारी बाहेर काढली आणि रिकामा डबा सोडला. तो सुळकन सरळ खाली गेला. सगळे क्षणभर गप्प झाले. मग पुन्हा म्हातारी आत. ह्या वेळी छोटी म्हातारी. मग दोन म्हाताऱ्या, समोरासमोर चिकटवलेल्या. मग फळीखाली दुसरी वीट.

हे बराच वेळ चाललं. त्यात जड-हलकं, उतार-चढ, मधोमध आणि कडेला, एकावर एक ठेवलेली वीट, असं पुष्कळ काही मुलांनी हाताळलं. पण मला जे सांगायचं आहे ते पुढचं. तीच मुलगी शेवटी म्हणाली की भोपळा फक्त खाली जातो, तर मग लेकीचं घर वर डोंगरावर पाहिजे. ताईंनी विचारलं, “मग जाताना म्हातारी वर कशी गेली?” मुलगी म्हणाली, “चालत. म्हणून तर वाळली होती.” मूळ गोष्टीत म्हातारी खरोखरच जाताना चालत जाते आणि येताना भोपळ्यातून येते. मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकत, सांगत आलो, पण या फरकाचं कारण मला कधी सुचलं नव्हतं. त्या मुलीला ते मिळालं, कारण तिनं डबा सोडून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः गोष्ट सांगितली तेव्हा लेक डोंगरावर राहत होती आणि वाघानं भोपळा अडवला तो चढाच्या जागी, कारण तिथं तो आपोआपच थांबतो.

ताईंनी त्या वेळात काय काय केलं नाही, हे नीट पाहावं. त्यांनी तात्पर्य विचारलं नाही. “यातून आपण काय शिकलो?” असं म्हटलं नाही. गोष्ट चुकली म्हणून दुरुस्त केली नाही. त्यांनी एक डबा दिला आणि दोन प्रश्न विचारले, आणि ते दोन्ही प्रश्न गोष्टीच्या आतले होते.

असं का घडतं, याचं मला पटलेलं स्पष्टीकरण रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांचं आहे. 1933 मध्ये खेळावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी काठीच्या घोड्याचं उदाहरण घेतलं. मूल काठीवर बसून घोडा दौडवतं तेव्हा घोड्याचा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटा होऊन काठीला येऊन चिकटतो. पण त्यासाठी काठी लागतेच. नुसत्या हवेत घोडा उभा करणं त्या वयाला जमत नाही, आणि ज्यावर टांग टाकता येत नाही अशी वस्तूही चालत नाही. खेळातली ही वस्तू, मग चित्र, आणि मग लिहिलेलं अक्षर हा एकच प्रवास आहे असं त्यांचं प्रतिपादन होतं. काठी घोड्याच्या जागी उभी राहू शकते हे ज्याच्या हाताला कळलं, त्याला ‘घ’ हा आकार एका आवाजाच्या जागी उभा राहतो हे मान्य करायला सोपं जातं. लवकर लिहायला शिकावं म्हणून ज्या मुलांचा खेळ कमी केला जातो, त्यांच्या पालकांनी हे जरूर वाचावं. पाटीवर अ-आ गिरवून घेण्याची घाई करताना आपण त्याच रस्त्यावरचा पूल काढून टाकत असतो.

अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये व्हिव्हियन गसिन पेली यांनी अनेक वर्षं बालवर्गाला शिकवलं. त्यांची रीत ऐकायला अगदी साधी आहे. मूल गोष्ट सांगतं, बाई ती त्याच्याच शब्दांत उतरवून घेतात, आणि त्याच दिवशी वर्ग ती करून दाखवतो. गोष्ट दोन वाक्यांची असली तरी चालते. ‘द बॉय हू वुड बी अ हेलिकॉप्टर’ या 1990 मधल्या पुस्तकात एक मुलगा आहे. तो कायम हेलिकॉप्टर असतो आणि कोणाच्याच खेळात येत नाही. त्याला समजावून कुणी बाहेर काढत नाही. इतरांच्या गोष्टींत हेलिकॉप्टर उतरायला हळूहळू जागा होत जाते. गोष्ट आणि खेळ एकत्र आले की एकटं पडलेलं मूल कसं सामावलं जातं, याचा इतका बारीक तपशील मी दुसरीकडे वाचलेला नाही. आपल्या वर्गातही अशी मुलं असतात आणि पुष्कळदा ती ‘मंद’ किंवा ‘हट्टी’ ठरतात.

आपल्याकडे त्यांना गप्प ठेवणारं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे भाषा. कोरकू, गोंडी, भिली, कातकरी, वारली बोलणारं मूल अंगणवाडीत येतं आणि प्रमाण मराठीतली गोष्ट त्याच्या डोक्यावरून जाते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबांच्या मुलांचंही तेच. नुसती तोंडी गोष्ट अशा मुलाला बाहेर ठेवते. मातीची म्हातारी मात्र त्याला करता येते. डबा का थांबला हे ते मूल स्वतःच्या बोलीत सांगतं आणि शेजारचं मूल ते समजतं, कारण दोघांच्या समोर तोच डबा असतो. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीत वस्तू आधी येते आणि शब्द तिच्या मागून. ज्या ताईंना मुलांची बोली येते त्यांनी गोष्ट सरळ त्या बोलीतच सांगावी. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणण्याचं कोणतंही बंधन नाही.

गोष्ट नुसत्या तोंडानं सांगावी हा नियम आपल्याकडे तसा कधीच नव्हता. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार चित्रकथी सांगताना एकेक चित्र पुढे धरतात, आणि कळसूत्री बाहुल्याही नाचवतात. मुलांच्या बाबतीत तर दिवाळीचा किल्ला डोळ्यांपुढे आणावा. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा, आळीव पेरायचे आणि ते उगवेपर्यंत रोज पाणी मारायचं. मावळे कुठं उभे करायचे यावरून वाद होतो, आणि तो वाद सोडवण्यासाठी कुणीतरी मोठं माणूस सिंहगडाची किंवा प्रतापगडाची गोष्ट सांगतं. बुरूज ढासळला की पुन्हा उभारायचा, आणि ढासळला का, याचं कारण शोधायचं. गल्लीतली सगळ्यात धाकटी मुलं फक्त माती वाहतात, पण त्यांच्या कानावर सगळी गोष्ट पडत असते. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी इतिहास असा हातानं शिकला आहे. आता तयार प्लास्टर ऑफ पॅरिसचे किल्ले बाजारात मिळतात. ते आणून मांडले की माती वाहणं, थापणं, वाद, पडझड हे सगळं एका झटक्यात संपतं. माझी पालकांना कळकळीची विनंती आहे की तो किल्ला विकत घेऊ नये.

तयार वस्तूंचा हाच धोका शाळांमध्येही आहे. 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं, 2022 मध्ये पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळ, खेळणी, गोष्टी यांना मानाचं स्थान मिळालं. हे फार चांगलं झालं. पण त्याबरोबर ‘ॲक्टिव्हिटी’ नावाचा एक प्रकारही रुजला. कावळ्याची गोष्ट झाली की छापील कावळा रंगवायचा, आणि तोही काळाच. शेवटी भिंतीवर एकसारखे कावळे लागतात, फोटो पालकांच्या ग्रुपवर जातात. मुलाच्या हातांनी काम केलं खरं, पण गोष्टीला त्या हातांची काही गरज नव्हती. कावळा रंगवला काय आणि न रंगवला काय, गोष्ट होती तिथंच राहिली. एखादा खेळ निवडताना मी एकच कसोटी लावतो: मुलानं हातानं काही केल्यामुळे गोष्टीत काही बदलू शकतं का? बदलू शकत नसेल तर तो खेळ या पुस्तकात घेतलेला नाही, मग तो दिसायला कितीही सुंदर असो.

साधी घडीकाम केलेली वर्तमानपत्राची टोपी या कसोटीला छान उतरते. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी कप्तानाच्या टोपीची जुनी गोष्ट आपल्याकडे घरोघरी पोचवली. कागदाची टोपी होते, टोपीची होडी होते. वादळात होडी खडकावर आदळते आणि पुढचं टोक फाटतं. मग मागचं टोक फाटतं. मग मधलं शीड तुटतं. उरलेला कागद उलगडला की कप्तानाचा सदरा हातात येतो. घड्या घालणं तीन-चार वर्षांच्या मुलाला जमत नाही, ते मोठ्यांनी करावं. फाडायचं काम मात्र मुलांचं. एरवी कागद फाडला म्हणून ओरडा खाणाऱ्या मुलाला इथं फाडल्याशिवाय गोष्ट पुढे जात नाही हे कळतं, तेव्हाचा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

साहित्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. करवंट्या, चिंचोके, काड्यापेट्या, बांगड्या, दोरे, माती, रिकामे डबे, जुनी फडकी एवढ्यावर जवळजवळ सगळं भागतं. पण बिया वेचताना सावध राहावं. गुंजा दिसायला देखण्या, म्हणून मुलांना हमखास आवडतात, पण त्या अत्यंत विषारी असतात. बिट्टी आणि एरंड यांच्या बियाही विषारी. या तिन्ही वर्गात आणूच नयेत. तीन वर्षांखालची भावंडं पाठोपाठ येऊन बसतात, त्यांच्या हाती चिंचोक्यासारखी नाका-तोंडात जाणारी वस्तू लागू देऊ नये. डब्याच्या कडा आधी दगडानं ठोकून बोथट कराव्यात.

सेविका आणि मदतनीस यांच्या कामाची मला कल्पना आहे. वजनं-उंची, पोषण आहार, लसीकरणाच्या दिवशीची धावपळ, मोबाइलवर भरायची माहिती, गृहभेटी. त्यात ‘अजून एक उपक्रम’ म्हणून हे पुस्तक कुणाच्या माथी मारलं जाऊ नये. इथला कोणताही खेळ वेगळी तयारी मागत नाही, आणि त्याची नोंदवहीही ठेवायची नाही. एकच गोष्ट आठवडाभर चालली तरी चालेल, किंबहुना चालावीच. मुलं पहिल्या दिवशी फक्त ऐकतात, दुसऱ्या दिवशी वस्तू हाताळतात, आणि गोष्ट त्यांची व्हायला लागते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. वरिष्ठ भेटीला आले आणि ‘काल हीच गोष्ट होती ना?’ असं विचारलं, तर त्यांना खुशाल हे पान दाखवावं.

घरी खेळणाऱ्या आजी-आजोबांनी क्रमाची पर्वा करू नये. बालवाडीत मात्र पहिल्या गोष्टीपासून सुरुवात केलेली बरी. ती कावळा-चिमणीची आहे. शेणाच्या घरासाठी माती आणि गवत, मेणाच्या घरासाठी जाड कागदावर घासलेला मेणखडू, आणि पावसासाठी भोकं पाडलेला डबा एवढं लागतं. सांडलवंड होते, म्हणून खेळ बाहेर अंगणात घ्यावा. कागदावर मेणखडू चांगला दाट घासू द्यावा, नाहीतर पाणी मुरतं आणि चिमणीचंही घर कोसळतं. कोसळलंच तर मात्र गोष्ट थांबवू नये. आता दोघंही पावसात आहेत, पुढे काय, ते मुलांना विचारावं आणि पाण्याचा डबा त्यांच्याकडेच द्यावा.